डबक्याकाठचा पुरावा: पाणथळीतले कीटक, रानफुले आणि कॅमेरा

सप्टेंबरच्या मध्यावर जांभ्या कातळाच्या सड्यावर वीतभर खोलीचे एखादे डबके असते. त्याच्या काठी गुडघे टेकून बसले, की हाताच्या टप्प्यात सीतेच्या आसवांची जांभळी फुले, गेंदाची पांढरी बोंडके, दवबिंदूची चिकट पाने आणि गवताच्या काडीला धरून नुकतीच कात टाकलेला एक चतुर, एवढे सगळे सापडते. फेब्रुवारीत त्याच जागी गेलात तर तापलेला काळा कातळ असतो. इथे कधी पाणी होते हे सांगूनही पटत नाही.

या चार महिन्यांच्या पाणथळीकडे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शेकडो कॅमेरे वळले. आधी मोठ्या भिंगांचे, मग खिशातल्या फोनचे. त्यातून छायाचित्रांचा मोठा साठा तयार झाला आणि त्याबरोबर काही वादही उभे राहिले. छायाचित्र हा शास्त्राला चालणारा पुरावा आहे का? नमुना गोळा केल्याशिवाय ओळख पक्की होते का? दुर्मीळ जीव कुठे दिसला हे जाहीर करावे का? आणि हे सारे टिपताना आपल्याच पायांखाली काय जाते? या प्रश्नांची आजची स्थिती प्रामुख्याने सह्याद्री आणि कोकणच्या संदर्भात इथे मांडतो आहे.

पाणथळ कशाला म्हणायचे?

इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली झालेल्या करारात पाणथळीची व्याख्या फार उदार आहे. कायमचे पाणी असो की काही महिन्यांचे, वाहते असो की साचलेले, गोडे असो की खारे, सगळे तिच्यात बसते. भारत १९८२ मध्ये या करारात सामील झाला. महाराष्ट्रातल्या स्थळांना मात्र बराच काळ थांबावे लागले. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यादीत आल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले, ठाण्याची खाडी २०२२ मध्ये आली. यांपैकी नांदूर मध्यमेश्वर आणि ठाण्याची खाडी पक्ष्यांमुळे लोकांना माहीत आहेत. कीटकांसाठी किंवा बोटभर उंचीच्या फुलांसाठी ओळखली जाणारी पाणथळ आपल्या सामान्य बोलण्यात अजून आलेली नाही.

व्यवहारात गणित वेगळे होते. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने २०११ मध्ये देशातील पाणथळींचा नकाशासंग्रह काढला. त्यात २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या पाणथळींच्या सीमा आखल्या आणि त्याहून लहान अशा साडेपाच लाखांहून अधिक जागा नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संरक्षणाचा आदेश दिला तो २.२५ हेक्टरवरच्या २,०१,५०३ पाणथळींबाबत. त्याच वर्षीच्या पाणथळ नियमांतून भातखाचरे, नदीपात्रे, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेली तळी वगळली गेली. प्रशासकीय सोयीसाठी कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. पण टाचणीला, म्हणजे चतुराच्या सडपातळ भावंडाला, अंडी घालायला सव्वादोन हेक्टर लागत नाहीत. सड्यावरचे डबके चार-सहा चौरस मीटरचे असते. भाताच्या बांधाकडेचा ओलावा, गावतळ्याची उथळ कड, पाटाच्या गळतीने झालेली दलदल ही कीटकांची आणि रानफुलांची खरी घरे आहेत, आणि नेमकी तीच नकाशाच्या बाहेर राहतात. पुढच्या सगळ्या चर्चेची पार्श्वभूमी ही आहे.

जाळीपासून भिंगापर्यंत

या भागातल्या वनस्पतींचा पाया थिओडोर कुकच्या १९०१ ते १९०८ या काळात निघालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथाने घातला. चतुर आणि टाचण्यांसाठी तेच काम लष्करी वैद्यकीय सेवेतल्या एफ. सी. फ्रेझर यांनी केले. त्यांचे तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ मध्ये आले, आणि आजही ओळख अडली की अभ्यासक त्यांचीच पाने उलटतात. ही सारी विद्या नमुन्यांवर उभी होती. दाबून वाळवलेले झाड, टाचणी टोचून पेटीत ठेवलेला किडा आणि सोबत जागा-तारखेची चिठ्ठी. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह किंवा पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा संग्रह पाहिला, की त्या चिठ्ठीचे मोल कळते. शंभर वर्षांपूर्वीच्या एका ओळीवरून आज नाहीशी झालेली दलदल सापडते.

नवे काही सापडायचे राहिले नाही असा समज कधीच खरा नव्हता. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा असणारा, डबक्यात उगवणारा वायतुरा सातारा परिसरातलाच. त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते १९८२ मध्ये. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते वनस्पतिशास्त्रज्ञ श्री. रं. यादव त्या कामात होते.

हौशी माणसासाठी दार उघडले ते छापील छायाचित्रांमुळे. श्रीकांत इंगळहळीकर यांचे सह्याद्रीतल्या फुलांवरचे सचित्र पुस्तक २००१ मध्ये आले. शास्त्रीय किल्ल्या न वापरता चित्रावरून फूल ओळखता येते, हा विश्वास त्याने अनेकांना दिला. २००८ च्या सुमारास आय-नॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ही दोन संकेतस्थळे सुरू झाली. छायाचित्र टाका, जागा आणि तारीख नोंदवा, जाणकार ओळख पटवतील, अशी ही रीत. चिठ्ठीसकट नमुना ठेवण्याच्या जुन्या पद्धतीचे हे नवे रूपच म्हणायला हवे.

महाराष्ट्रातल्या चतुर-टाचण्यांची २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली यादी १३४ जातींची होती. त्यानंतर सिंधुदुर्गातून सेरिअॅग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी २०१९ मध्ये, कोकण किनारपट्टीतून ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस हा चतुर २०२० मध्ये आणि आंबोलीजवळच्या चौकुळचे नाव मिरवणारा बर्मागोम्फस चौकुळेन्सिस २०२२ मध्ये शास्त्राला नव्याने कळला. चार वर्षांत एवढ्याशा पट्ट्यातून तीन जाती! त्यातला ब्रॅडिनोपायगा तर खडकावर बसला की खडकच होतो. तो दिसण्यासाठी त्याच त्या कातळाकडे पुन्हा पुन्हा पाहणारी नजर लागते. स्थानिक निरीक्षकांच्या वाढत्या संख्येशी या शोधांचा संबंध आहे, असे माझे मत आहे.

छायाचित्र पुरेसे का?

या क्षेत्रातला सर्वांत जुना आणि सर्वांत खोल वाद हा आहे, आणि तो आपल्यापुरता नाही. मलेशियातल्या एका छायाचित्रकाराने इंटरनेटवर टाकलेल्या चित्रात एका कीटकतज्ज्ञाला अनोळखी जाळपंखी दिसली. पुढे प्रत्यक्ष नमुना मिळाल्यावर २०१२ मध्ये तिला सेमाक्रायसा जेड हे नाव दिले गेले. या घटनेचे सर्वांनी कौतुक केले, कारण चित्राने वाट दाखवली आणि शिक्कामोर्तब नमुन्याने केले. तीन वर्षांनी दक्षिण आफ्रिकेतली मार्लेइमायिया झायलोकोपी ही माशी मात्र नमुन्याविना, छायाचित्रांच्या आधारे नवी जात म्हणून जाहीर झाली आणि वादळ उठले. ४९३ वर्गीकरणतज्ज्ञांनी सही करून या पद्धतीला विरोध नोंदवला. दुसऱ्या बाजूने काही तज्ज्ञांनी म्हटले, की नियम याला मनाई करत नाहीत आणि पकडता न येणाऱ्या किंवा पकडू नये अशा जीवांसाठी ही वाट खुली राहिली पाहिजे.

नमुनावाद्यांचा मुद्दा आपल्या डबक्याकाठी लगेच पटतो. गेंदाच्या कितीतरी जाती एकमेकींसारख्या दिसतात. बियांच्या पृष्ठभागावरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय अनेकींचा निकाल लागत नाही. फुललेल्या गेंदाचा कितीही देखणा फोटो असला तरी त्यात ती बी नसते. चतुरांच्या बऱ्याच गटांत नराच्या शेपटीच्या टोकाला असलेल्या चिमट्यासारख्या अवयवांचा आकार निर्णायक ठरतो. समोरून डोळे टिपलेल्या चित्रात तो येतच नाही. शिवाय नमुन्यातून पुढे जनुकीय चाचणी करता येते. पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तर पेटी उघडून पुन्हा पाहता येते.

छायाचित्राच्या बाजूचे म्हणणेही तितकेच ठोस आहे. चतुर मेला की त्याचे रंग उतरतात. डोळ्यांतला निळा-हिरवा रंग काही तासांत मातकट होतो. जिवंतपणीचा रंग कागदावर आणायचा तर कॅमेराच हवा. मादी अंडी कोणत्या वनस्पतीच्या देठात घालते, दवबिंदूच्या पानाला कोणती माशी चिकटली, सीतेच्या आसवांवर कोण येऊन बसते, हे पेटीतल्या नमुन्याला सांगता येत नाही. आणि जीव घ्यायचाच नाही असे ठरवलेली माणसे या छंदात मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या निरीक्षणावर पाणी सोडणे शास्त्रालाही परवडणार नाही. यावर नमुनावादी उत्तर देतात, की मोजके किडे गोळा केल्याने जात संपत नाही, डबके बुजवल्याने संपते. हे उत्तर बहुतांशी खरे आहे. मात्र अगदी मोजक्या जागी उरलेल्या जातीबाबत ते तसेच लागू होईल असे नाही.

मधली वाट हळूहळू रुळते आहे. चतुर जाळीत अलगद धरायचा, पंख मिटवून बाजूने, वरून आणि शेपटीच्या टोकाचे जवळून चित्र घ्यायचे आणि सोडून द्यायचा. वनस्पतीचे फक्त फूल न टिपता पान, पानाची मागची बाजू, खोड, फळ आणि भोवतालची जागा यांचीही चित्रे घ्यायची. काडीला चिकटून राहिलेली रिकामी कात जमा करायची. कातीचा फायदा मोठा आहे. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो, पण कात सापडली म्हणजे तो याच पाण्यात वाढला. कुणालाही इजा न करता हाती येणारा इतका पक्का पुरावा दुसरा नाही, आणि तरीही फारच थोडे छायाचित्रकार तिच्याकडे कॅमेरा वळवतात.

फोनमधली आपोआप ओळख सांगणारी साधने आता या वादात नव्याने आली आहेत. सोनकी किंवा तेरडा ती सहज सांगतात. गेंदासारख्या गटांत त्यांचा आत्मविश्वास पुराव्यापेक्षा मोठा असतो. आय-नॅचरलिस्टवर एखादी नोंद संशोधनयोग्य ठरायला ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत लागते. पण पहिली सूचना यंत्राने केली आणि पुढच्याने ती नुसती मान्य केली, तर त्या एकमताचे वजन किती धरायचे?

साठा आणि मोजणी

जर्मनीतल्या क्रेफेल्ड येथील हौशी कीटक-अभ्यासकांच्या संघाने २७ वर्षे ठरावीक सापळे लावले. त्यांतून ६३ संरक्षित जागांतल्या उडत्या कीटकांचे वजन पाऊण हिश्शाने घटल्याचे २०१७ मध्ये पुढे आले आणि जगभर खळबळ उडाली. २०२० मध्ये अनेक देशांतील दीर्घकालीन नोंदी एकत्र करणाऱ्या अभ्यासात जमिनीवरचे कीटक दर दशकाला सुमारे ९ टक्क्यांनी घटलेले, तर गोड्या पाण्यातले सुमारे ११ टक्क्यांनी वाढलेले दिसले. या वाढीचे एक कारण प्रदूषण-नियंत्रणाने सुधारलेले पाणी असू शकते, असे मांडले गेले. मात्र त्या नोंदी प्रामुख्याने युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या होत्या. आपल्या पाणथळींना त्या लावणे धाडसाचे होईल. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने २०२१ मध्ये जगातल्या ६,०१६ चतुर-टाचण्यांचा आढावा घेतला. त्यात १६ टक्के जातींना नामशेष होण्याचा धोका असल्याचे सांगितले आणि पाणथळींचा ऱ्हास हे त्यामागचे मोठे कारण म्हणून पुढे आले.

आपल्याकडच्या छायाचित्रांच्या साठ्यातून असा कल काढता येईल का, यावर मतभेद आहेत. आशावादी अभ्यासक म्हणतात, नोंदी पुरेशा वाढल्या की आकडेशास्त्र त्यांतले दोष सुधारून घेते. साशंक अभ्यासक दोषांचे स्वरूप दाखवतात. चित्रे सप्टेंबरची, शनिवार-रविवारची, डांबरी रस्त्यालगतची आणि सुंदर जीवांची असतात. चतुराचे पाण्याखालचे बाल्य जवळजवळ कुणीच टिपत नाही, खरे तर त्याच्या आयुष्याचा मोठा भाग तिथेच जातो. सर्वांत मोठी उणीव म्हणजे जे दिसले नाही त्याची नोंद होत नाही. मला हा शेवटचा आक्षेप सगळ्यांत वजनदार वाटतो.

त्याचे उत्तर, म्हणजे नेमाने ठेवलेली नोंद, कॅमेऱ्याशिवायच्या एका गोष्टीत सापडते. पॅन्टाला फ्लॅव्हेसेन्स हा पिवळसर चतुर पावसाळ्यात आपल्या अंगणावर थव्याने घिरट्या घालतो. त्याची पिले दीड-दोन महिन्यांत वाढतात, म्हणजे पावसाळी डबके आटण्याआधी. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना प्रश्न पडला, की जिथे गोड्या पाण्याचे साठे जवळजवळ नाहीत त्या बेटांवर दर ऑक्टोबरात हे चतुर येतात कुठून? ते वर्षानुवर्षे आगमनाच्या तारखा लिहीत राहिले. हे चतुर भारताकडून निघून हिंदी महासागर ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, अशी मांडणी त्यांनी २००९ मध्ये केली. नंतर पंखांतल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांच्या तपासणीने हे चतुर उत्तर भारत किंवा त्याही पलीकडून येत असल्याकडे बोट दाखवले. सुरुवात झाली ती एका वहीतल्या तारखांनी.

पायाखालचे प्रश्न

सड्यावरची माती काही ठिकाणी दोन-तीन बोटे जाडीचीच असते. तिच्यावर एक माणूस आडवा झाला की किती रोपे चिरडतात हे उठल्यावर दिसते. सीतेच्या आसवांचे सापळे मुळांच्या जागी, चिखलात असतात. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात सूक्ष्म जीव आत ओढणारी ही पिशवी बुटाच्या तळव्यापुढे टिकत नाही. नुकतीच कात टाकलेल्या चतुराचे पंख ओले आणि मऊ असतात. बोट लागले तर ते वाकडेच वाळतात आणि तो पुन्हा उडत नाही. पार्श्वभूमी स्वच्छ दिसावी म्हणून गवत उपटणे, दव दिसावे म्हणून फवारा मारणे, किडा स्थिर राहावा म्हणून थंड करणे, या सवयींबद्दल मात्र आता फारसा वाद उरलेला नाही. जबाबदार मंडळी त्या चुकीच्या मानतात आणि छायाचित्र-स्पर्धांनीही तसेच मानायला हवे.

खरा मतभेद जागेच्या व्यवस्थापनावर आहे आणि साताऱ्याजवळचे कास पठार हे त्याचे ठळक उदाहरण. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक म्हणून कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. गर्दी वाढली. दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, शुल्क आणि आगाऊ नोंदणी आली. आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांना रोजगार मिळाला. पठाराला जाळीचे कुंपणही घातले गेले, पण पुढे ते काढून टाकण्याचा निर्णय झाला. कुंपणाच्या बाजूने बोलणारे म्हणत, की माणसांची तुडवातुडव थांबवायला दुसरा उपाय नाही. विरोधकांचे म्हणणे, की गुरांची चराई आणि वन्यप्राण्यांचा वावर थांबल्याने उंच गवत माजते आणि बुटक्या फुलांना ऊन मिळत नाही. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या, खडकाळ पठारांवर दीर्घकाळ काम केलेल्या अभ्यासकांनी ही पठारे ‘पडीक’ नसून स्वतंत्र परिसंस्था आहेत हे ठसवले. हा मुद्दा आता बहुतेकांना मान्य आहे. पण चराई किती असावी, कोणत्या महिन्यात असावी, याचे सर्वमान्य उत्तर अजून नाही. सर्व लक्ष एका कासवर एकवटल्याने बाकीच्या सड्यांकडे दुर्लक्ष होते, ही तक्रारही रास्त आहे.

जागा सांगावी की लपवावी?

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड लिंडेनमायर आणि बेन शील यांनी दुर्मीळ जीवांची नेमकी ठिकाणे प्रसिद्ध करू नका असे आवाहन केले. ठिकाण कळले की चोर आणि गर्दी दोन्ही पोहोचतात, हे त्यांचे निरीक्षण. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी उत्तर दिले, की माहिती जबाबदारीने पण खुली ठेवली तरच संरक्षण शक्य होते. आय-नॅचरलिस्टने मधला मार्ग काढला आहे. धोक्यातल्या जातीचे ठिकाण ते सुमारे वीस किलोमीटरच्या चौकटीत धूसर करते.

कोकणात हा पेच जास्त बोचतो. सड्यावरच्या डबक्याची कुठेच नोंद नसेल, तर तिथे खाण, रस्ता किंवा प्रकल्प येताना तिथे काही होते हे दाखवायला कागदच नसतो. नोंद उघडी केली, तर पुढच्या रविवारी चाळीस गाड्या येतात. मला वाटते, नेमके ठिकाण अभ्यासक, वनखाते आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे पोहोचले पाहिजे, आणि समाजमाध्यमांवर तालुक्याचे नाव पुरेसे आहे. पण या समित्यांकडे ही माहिती जपायची आणि वापरायची यंत्रणा सगळीकडे नाही, तोवर हा तोडगा कागदावरचाच राहतो.

नावांचा एक लहान मुद्दा

सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू, कावला, पाणकणीस ही नावे लोकांच्या तोंडची आहेत. चतुरांना मात्र चतुर आणि टाचणी या दोन शब्दांपलीकडे लोकभाषेत फार कमी भेद आहेत. राज्य फुलपाखराला ‘राणी पाकोळी’ हे मराठी नाव मिळाल्यावर ते चटकन रुजले. त्याच धर्तीवर चतुरांना नवी नावे घडवावीत असे एक मत आहे. इंग्रजी नावांचे शब्दशः भाषांतर करण्यापेक्षा आधी गावोगावची नावे गोळा करावीत, हे दुसरे. मी दुसऱ्या मताचा आहे. ज्या आजीने भातलावणीत आयुष्य काढले तिच्याकडे पाण्यातल्या किड्यांची जी नावे आहेत, ती कुणी लिहून घेतलेली नाहीत.

काय उरले आहे

पठारांवरच्या डबक्यांची संख्या किती आणि दरवर्षी त्यांतली किती बुजतात, हे मोजायचे बाकी आहे. पाऊस लांबला किंवा एकदम कोसळला तर वायतुरा आणि चतुरांच्या पिलांचे वेळापत्रक कसे बदलते, यासाठी एकाच जागेच्या सलग दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी लागतील. हौशी छायाचित्रे संग्रहालयांतल्या नमुन्यांशी जोडायची कशी, त्याची जबाबदारी कोणत्या संस्थेची, हेही ठरलेले नाही. यांतले पहिले काम उपग्रहाने अर्धेच होईल. दुसरे काम तर संस्थेपेक्षा त्या जागेजवळ राहणारा माणूसच करू शकतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. दूरच्या प्रसिद्ध पठारावर जरूर जा, पण घरापासून चालत जाता येईल असे एक डबके, तळ्याची कड किंवा पाटाकाठची ओल आपली म्हणून निवडा. पहिल्या पावसापासून पाणी आटेपर्यंत दर पंधरा दिवसांनी तिथे जा. कडेच्या एकाच दगडावर उभे राहून पाहा, जमले तर टिपा. तारीख, वेळ आणि पाण्याची खोली वहीत लिहा, आणि ज्या दिवशी एकही चतुर दिसणार नाही त्या दिवशी तेही लिहा.